काटा कुणाला सांगतो?

“आई, कालच्यापेक्षा सातशे ग्रॅम वाढलंय. रात्री काय खाल्लंस?”

माझा एक पाय अजून काट्यावर होता, दुसरा फरशीवर. सकाळचे पावणेसात वाजले होते आणि माझा मुलगा सन्मती पुण्याहून फोनवर मला जाब विचारत होता.

“सूर्य मावळल्यावर मी तोंडात पाणी तरी घालते का रे? जैनाच्या घरात जन्मलास आणि आईला विचारतोस, रात्री काय खाल्लंस?”

“मग अंगात पाणी साठत असेल. पाय सुजलेत का? बोटानं दाबून बघ बरं.”

“सुजले नाहीत,” मी न दाबताच सांगितलं आणि दुसरा पायही खाली घेतला.

याला सात वर्षं झाली. मी तेव्हा चौपन्न वर्षांची होते. इचलकरंजीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं, अजूनही आहे. सन्मतीचे बाबा, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे, ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते गेल्यापासून सन्मती असा झाला होता. मी जिना चढले तरी त्याला धाप लागायची. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यानं तो काटा आणला. काळी चकचकीत काच, काठाला निळा दिवा. “तू फक्त रोज सकाळी उभी राहा, बाकी सगळं मी बघतो,” म्हणाला. आणि खरंच बघायला लागला. मी काट्यावर उभी राहायचे इथं आणि आकडा उमटायचा पुण्यात, त्याच्या फोनवर. वजन, चरबी, स्नायू, हाडं, पाणी. माझ्या फोनवर काहीच नाही. मला माझं वजन मुलाकडून कळायचं.

सातशे ग्रॅम कशानं वाढले ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, मी मुठीमुठीनं शेंगदाणे आणि दोन वाट्या मोड आलेले मूग खाल्ले होते. त्याच्या आधी तासभर मी साठ किलोचा लोखंडी बार जमिनीवरून उचलून ताठ उभी राहत होते. एकदा नाही, पंधरा वेळा.

हे सन्मतीला माहीत नव्हतं. तस्लीम सोडली तर कुणालाच माहीत नव्हतं.

तस्लीम मुल्लाणी. वय एकोणतीस, बुटकी, खांदे असे की तयार ब्लाऊज तिला कधी बसायचंच नाही. एके काळी वजन उचलण्यात राज्यापर्यंत खेळलेली. नंतर पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर तिनं फक्त बायकांसाठी व्यायामशाळा काढली होती. गणपतीच्या सुमारास ती खेळाचा पोशाख दुरुस्त करून घ्यायला माझ्याकडे आली. त्याच वेळी हमालानं अस्तराच्या कापडाचा गठ्ठा नेमका दारात टाकला आणि तो निघून गेला. तस्लीमला आत यायला वाट राहिली नाही. मी वाकले, गठ्ठा उचलला, भिंतीला लावला आणि हात झटकत म्हटलं, “ये, बस.”

ती बसली नाही. गठ्ठ्याकडे बघत राहिली.

“काकू, हे किती किलोचं आहे?”

“असेल पन्नास-पंचावन्न.”

“परत उचला.”

“का गं?”

“उचला की!”

मी उचललं. ती माझ्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला.

“या अल्ला! पाठ बघा. पट्टी लावल्यासारखी सरळ. हे मी पोरींना सहा सहा महिने शिकवते, तरी येत नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कुणी शिकवायचं? एकतीस वर्षं गठ्ठे उचलतेय. वाकडं होऊन उचलले असते तर कधीच अंथरूण धरलं असतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान मिटून मी तिच्याकडे गेले ती नुसती बघायला. तिनं चाळीस किलो लावले. बार गार होता आणि तळहाताला खरखरीत लागत होता. मी श्वास घेतला आणि उभी राहिले. ते लोखंड माझ्याबरोबर वर आलं. आता सांगायला सोपं वाटतं, पण तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. अण्णा गेल्यापासून सगळे मला म्हणत होते, वाकू नको, उचलू नको, बस, जप. आणि इथं एक पोरगी म्हणत होती, “अजून दहा लावू?”

“लाव!” मी म्हटलं.

दिवाळी झाल्यावर तस्लीमनं बातमी काढली. फेब्रुवारीत सांगलीला खुली स्पर्धा होती. एकच प्रकार, बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, डेडलिफ्ट म्हणतात त्याला. पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा गट.

“त्रेसष्ट किलोच्या आतल्या वजनात गेलात तर तुम्ही नंबरात येता काकू. लिहून देते.”

“मी सहासष्ट आहे.”

“बारा आठवडे आहेत. रोज सकाळी वजन. दर रविवारी कंबर, मांडी, दंड टेपनं मोजायचे. वजन उतरलं पाहिजे, पण मांडी नाही. मांडी उतरली तर ताकद गेली समजा. सगळं लिहून मला द्यायचं.”

टेप तर माझ्या गळ्यातच असायची. काटाही घरात होता. फक्त तो काटा माझ्याआधी सन्मतीशी बोलायचा.

डिसेंबरात माझं वजन उतरायला लागलं. पासष्ट, मग साडेचौसष्ट. तस्लीम खूश, मी खूश, आणि पुण्यात सन्मतीची झोप उडालेली. रोज एक फोन. भूक लागते का, खोकला आहे का, थकवा येतो का. मला थकवा यायचा, पण तो डोंगर चढून आल्यासारखा असायचा. तसं सांगता येत नव्हतं. “काही नाही रे, कामाचा सीझन आहे,” मी म्हणायचे.

मग एके दिवशी जयसिंगपूरहून माझ्या नणंदेचा, त्रिशलावन्संचा फोन आला.

“पद्मा, मला सांगितलं पण नाहीस गं?”

“काय सांगायचं वन्सं?”

“तुझं वजन उतरत चाललंय म्हणे. चरबी इतकी, हाडं तितकी. आणि शरीराचं वय एकसष्ट दाखवतंय म्हणे! चौपन्नची ना तू?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सन्मतीनं घरच्या ग्रुपवर टाकलंय की. आलेख आहे, खाली उतरणारा. लिहिलंय, कुणाच्या ओळखीत चांगला डॉक्टर आहे का.”

त्या ग्रुपवर तेवीस माणसं. माझे दीर, जावा, त्यांची मुलं, एका पुतणीचे सासू-सासरे. तेवीस जणांना माझी चरबी माहीत झाली होती.

मी शिवणयंत्रावर बसले, पण पाय हलेनात. माझ्या दुकानात मापाची वही कुलपात असते. एकतीस वर्षं. आतल्या पानांवर नावंसुद्धा नाहीत, नुसते नंबर. कुणाची कंबर किती वाढली, कुणाची छाती एका बाजूला कमी आहे, कुणाला दिवस गेलेत, नवऱ्याच्या आधी मला कळतं आणि माझ्याजवळच राहतं. एकदा एक बाई होणाऱ्या सुनेची कंबर विचारायला आली होती, म्हणे दागिना करायचाय. मी म्हटलं, तिचं माप तिला विचारा. ती बाई पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. आणि आता माझंच माप गावभर.

त्यावर कडी म्हणजे त्याच आठवड्यापासून माझ्या फोनवर गुडघ्याचं तेल, साखरेचं चूर्ण आणि पाळी गेलेल्या बायकांच्या गोळ्या यांच्या जाहिराती यायला लागल्या. मी असलं काही शोधलं नव्हतं; काटा लावताना सन्मतीनं नंबर मात्र माझा दिला होता. तस्लीमनं त्या काट्याच्या कंपनीच्या अटी काढून वाचल्या. बारीक अक्षरांत चार पानं होती.

“काकू, इथं लिहिलंय, तुमची माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो.”

“कोण भागीदार?”

“ते लिहिलं नाही.”

मी तिच्याकडे बघितलं. “चल, कोल्हापूरला जाऊ. माझा काटा मी घेते.”

सोमवारी दुकान बंद. तस्लीमच्या स्कूटरवर आम्ही निघालो. जानेवारीचं ऊन, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, आणि मी शाळा चुकवून निघाल्यासारखी मागं बसून गाणं गुणगुणत होते. तस्लीम म्हणाली, “काकू, तुम्ही काटा घ्यायला चाललाय की जत्रेला?”

पहिलं दुकान काचेचं, आत गारेगार. टाय लावलेल्या तरुण विक्रेत्यानं ओळीनं सात काटे मांडले. मी पहिल्यावर बोट ठेवलं.

“हा काटा कुणाला सांगतो?”

“म्हणजे मॅडम?”

“मी उभी राहिले की माझं वजन कुणाकुणाला कळतं?”

“तुम्हाला, मॅडम. तुमच्या ॲपवर येतं.”

“ॲपला काय काय लागतं?”

तो उत्साहानं सांगायला लागला. मोबाईल नंबर, ईमेल, जन्मतारीख. लोकेशन चालू ठेवायचं. फोनमधल्या नंबरांना परवानगी द्यायची, म्हणजे मैत्रिणींबरोबर स्पर्धा लावता येते.

“माझं वजन करायला माझ्या मैत्रिणींचे नंबर कशाला?”

“मॅडम, ते मोटिव्हेशन असतं.”

“आणि हे सगळं राहतं कुठं? काट्यात?”

“क्लाउडमध्ये.”

“म्हणजे कुठं?”

त्यानं छताकडे हात केला. तस्लीम इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. सातही काट्यांची तीच कथा. खातं उघडल्याशिवाय एक तर चालूच व्हायचा नाही. मी त्याच्यावर उभी राहिले तर तो नुसता निळा दिवा लुकलुकवत बसला, पहिल्यांदा नाव सांग म्हणून.

दुसरं दुकान शाहूपुरीतल्या गल्लीत, दवाखान्यांना लागणाऱ्या वस्तूंचं. मालक हेरवाडकर, साठीचे, चष्मा कपाळावर. माझा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“ताई, वीस वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

त्यांनी माळ्यावरून दोन काटे काढले. पहिला फोनशिवाय चालायचा, पण फोन जोडला की इंटरनेट मागायचा. तस्लीमनं फोन विमानातल्यासारखा बंद करून बघितला. ॲप अडून बसलं. “हा खोटारडा,” ती म्हणाली आणि काटा बाजूला सारला.

दुसरा राखाडी, जाड, दिसायला अगदी साधा. कडेला चार बटणं, वर पाय ठेवायला धातूच्या चार पट्ट्या.

“याला फोन लागतच नाही,” हेरवाडकर म्हणाले. “उंची आणि वय बटणानं सांगायचं. चरबी, स्नायू सगळं दाखवतो. मागची साठ मापं पोटात ठेवतो, इथंच पडद्यावर बघायची. घरात चार माणसं वापरू शकतात. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार.”

“नाव?”

“नाव विचारत नाही.”

मी तस्लीमकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. माझी वही जशी नंबरांनी चालते तसाच हा.

“पुसायचं असलं तर?”

“हे बटण पाच सेकंद दाबून धरा.”

मी चपला काढून उभी राहिले. चौसष्ट पूर्णांक दोन. बटण दाबून धरलं, मनात पाच मोजले. पडदा कोरा. पुन्हा उभी राहिले, पुन्हा चौसष्ट पूर्णांक दोन. तस्लीमला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिनं हेरवाडकरांकडून शिक्का मारलेली वीस किलोची दोन वजनं मागून घेतली आणि काट्याच्या चारही कोपऱ्यांवर फिरवून ठेवली. शंभर ग्रॅमच्या पलीकडे फरक पडला नाही.

“हाच!” आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि हेरवाडकर हसून खोकं शोधायला आत गेले.

येताना ते खोकं मी पोटाशी घट्ट धरलं होतं. पहिल्यांदाच त्या दिवशी माझा एक आकडा फक्त माझा होता. मी सांगेन त्याला कळेल, नाही सांगणार त्याला नाही.

घरी आल्यावर मी काळ्या काट्याच्या बॅटऱ्या काढल्या आणि तो कपाटामागं सरकवला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

“आई, काटा बंद आहे का?”

“बॅटरी गेली असेल.”

“मी पाठवतो.”

“इथं मिळतात रे बॅटऱ्या.”

“मी पाठवतो म्हटलं ना.”

दोन दिवसांत कुरिअरनं बॅटऱ्या आल्या. मी त्या टीव्हीच्या रिमोटला घातल्या. मग म्हटलं काटा बिघडलाय, मग म्हटलं दुरुस्तीला दिलाय. एकेका फोनला एकेक नवं खोटं. सन्मतीचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. शेवटी त्यानं पुण्यात माझ्या सगळ्या तपासण्यांची तारीखच घेतली.

एके दुपारी मी ऐंशी किलो उचलून बार ठेवला तशी तस्लीमनं मला थांबवलं आणि म्हणाली, “काकू, काटा गप्प बसला. पण तुम्ही?”

“माझं मी ठरवेन कधी सांगायचं.”

“मग ठरवा की. घाबरलेल्या माणसाला किती दिवस ताटकळत ठेवायचं?”

मी पुन्हा बार धरला. पण मला कळत होतं की मला हवी होती ती माझ्या मापाची मालकी. त्याच्याशी खोटं बोलायची मुभा मी मागितली नव्हती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला फोन केला. म्हटलं, त्याला प्रत्यक्षच दाखवू.

“सन्मती, उद्या सकाळी सांगलीला ये. दहापर्यंत. मी तिथंच असेन.”

“सांगलीला? आई, काय झालंय?”

“आल्यावर सांगते. पत्ता पाठवते.” आणि मी फोन ठेवला, कारण अजून एक वाक्य बोलले असते तर सगळं सांगून टाकलं असतं. त्या घाईत पत्ता पाठवायचा राहूनच गेला.

माझ्या डोक्यातच आलं नाही की आमच्या भागात ‘सांगलीला ये’ याचा अर्थ एकच. सांगली-मिरजेला माणूस जातं ते दवाखान्यात.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे नव्या काट्यानं बासष्ट पूर्णांक नऊ दाखवलं होतं. पण वाटेत घसा कोरडा पडला म्हणून मी दोन पेले पाणी प्यायले. शाळेच्या क्रीडागृहात मागच्या खोलीत वजन घेत होते. आत फक्त एक पंच बाई. मी उभी राहिले.

“त्रेसष्ट पूर्णांक दोन,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, कागदावर हात आडवा धरून. “काकू, तासभर वेळ आहे. परत या.”

दारात तस्लीमनं माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता आपला स्वेटर काढून माझ्या अंगात घातला. वर माझा स्वेटर, त्यावर तिचं जाकीट. मग मैदानाला फेऱ्या. मी, पद्मजा मगदूम, वय चौपन्न, सांगलीच्या कोवळ्या उन्हात तीन थरांत गुंडाळून पळत होते आणि तस्लीम बरोबर पळत ओरडत होती, “अजून एक! दोनशे ग्रॅम काकू, दोनशे ग्रॅम म्हणजे एक वाटी घाम!” आठव्या फेरीला मी कानातल्या कुड्या काढून तिच्या हातात दिल्या. दहाव्याला बांगड्या. बाराव्याला मी हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही.

बासष्ट पूर्णांक पंच्याण्णव.

पंच बाईंनी आकडा लिहिला आणि माझ्याकडे बघून फक्त डोळा मिचकावला.

गटात आम्ही तिघी होतो. प्रत्येकीला तीन संधी. पहिल्या संधीला मी ऐंशी किलो मागितले. समोर तीन पंच, तिघांचे तीन दिवे. बार उचलला, गुडघे ताठ केले, तिन्ही दिवे पांढरे लागले. टाळ्या ऐकून मला वाटलं, दुसऱ्याच कुणासाठी तरी चाललंय हे.

तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला. तस्लीमनंच तो उचलला, “हो, काकू इथंच आहेत, शाळेच्या क्रीडागृहात, लवकर या,” म्हणाली आणि ठेवला. घाईत तिनं शाळेचा पत्ता तेवढा सांगितला, कशासाठी ते नाही.

बाकीच्या गटांची फेरी झाल्यावर दुसऱ्या संधीला नव्वद. बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. मी ओढत राहिले, तो हलला नाही. सुटला. तीन लाल दिवे.

वळले तर दारात सन्मती उभा.

चार दिवसांची दाढी, हातात निळी फाईल. त्यातून माझे आलेख डोकावत होते, त्यानं छापून आणलेले. मिरजेत दोन दवाखाने पालथे घालून आला होता. माझ्या अंगावर तस्लीमनं दिलेला घट्ट पोशाख, कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, तळहातांना पांढरी पावडर.

“आई?”

“ये,” मी म्हटलं.

तो चालत माझ्यापर्यंत आला. आवाज चढला नव्हता.

“मी सकाळपासून दवाखान्यांच्या खिडक्यांवर तुझं नाव विचारतोय. पद्मजा मगदूम आहेत का, पद्मजा मगदूम. अण्णांनी असंच केलं. तीन महिने छातीत दुखत होतं, तुला नाही, मला नाही, कुणाला सांगितलं नाही. आणि मला फोन आला तो सगळं संपल्यावर. आता तू. आपल्या घरात कुणी काही सांगतच नाही का गं?”

क्रीडागृहात बरीच माणसं होती. मला फक्त तो दिसत होता. तेव्हा मला कळलं की तो रोज सकाळी माझं वजन बघत नव्हता. त्याच्या वडिलांनी न सांगितलेलं तो शोधत होता.

“सन्मती,” मी त्याचा हात धरला. माझी पावडर त्याच्या मनगटाला लागली. “माझं चुकलं. खोटं बोलले ते चुकलं. पण अण्णांनी दुखणं लपवलं होतं रे. मला काही दुखत नाही. बघ माझ्याकडे. नीट बघ.”

त्यानं बघितलं. पायांपासून वर. आपण आपल्या आईकडे असं कधी बघत नाही. मी सुतकात बसलेली त्यानं बघितली होती, यंत्रावर वाकलेली बघितली होती. ही त्यानं बघितली नव्हती.

“हे उचलतेस तू?” त्यानं बारकडे मान केली.

“आत्ता नाही उचललं गेलं.”

“का?”

“गुडघ्याशी अडकलं.”

तस्लीम मध्ये पडली. “शेवटची संधी आहे काकू. परत नव्वद सांगू, की सोडायचं?”

मी सन्मतीकडे बघितलं. त्यानं फाईल खाली बाकावर ठेवली.

“नव्वद,” तो म्हणाला. मग तस्लीमला, “म्हणजे, चालेल ना?”

“चालेल काय! या पुढं, इथं उभं राहा. ओरडा पण!”

नाव पुकारलं. मी बारपाशी गेले, पाय रोवले, वाकले. पाठ सरळ. श्वास भरला. बार जमिनीवरून उठला. नडगीवरून, गुडघ्यापर्यंत, आणि तिथं तो पुन्हा थांबला. कानात घूं असा आवाज. त्या आवाजातून एक आवाज आला, शाळेच्या मैदानावरून मित्राला हाक मारावी तसा, “आई, वर! वर! वर!”

मी वर आले. गुडघे ताठ, खांदे मागं. हात लांब झाल्यासारखे वाटत होते. पंचानं हात खाली केला, मी बार ठेवला आणि मान वर करून दिवे बघायचं मला धाडस झालं नाही. तस्लीमच्या किंकाळीवरूनच कळलं.

माझा दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या मिरजेच्या बाईंनी मला मिठी मारली आणि विचारलं, “पुढच्या वर्षी येणार ना?” मी म्हटलं, “तुम्हाला हरवायला येणार.”

तस्लीमच्या व्यायामशाळेतल्या मुलींचा नंबर दुपारनंतर होता, म्हणून ती थांबली. मी सन्मतीच्या गाडीतून निघाले. पदक गळ्यातच होतं. जयसिंगपूर मागं पडलं. मग एका गुऱ्हाळाजवळ त्यानं गाडी बाजूला घेतली. काहिलीतून वाफ येत होती, गुळाचा वास गाडीत भरला. मला वाटलं रस प्यायला थांबलाय. तो उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

“आई, मला एक सांगायचंय.”

“सांग की.”

“दीड वर्ष झालं, मी बीपीची गोळी घेतोय. बायको असून ऋतुजालापण माहीत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. दोनदा ऑफिसच्या जिन्यात बसून राहिलो होतो, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून. मला वाटलं, अण्णांसारखंच.”

माझ्या तोंडाशी दहा प्रश्न आले. किती असतं, कोण डॉक्टर, मीठ बंद केलंस का, रात्री जागतोस का, बायकोला का नाही सांगितलंस. ते सगळे मी दातांमागं धरले. हात तेवढा त्याच्या पाठीवर ठेवला. त्याची पाठ घामानं ओली होती.

थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे बघितलं.

“तू काही विचारत का नाहीस?”

“तू सांगतोयस ना,” मी म्हटलं. “सांग.”

त्यानं गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.